मुका मार

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी एक फोटो फिरतो. जिल्हास्तरीय कबड्डी, मुलींचा संघ, मातीने माखलेल्या बाराजणी, मधोमध मी आणि माझ्या हातात चषक. खाली कुणीतरी लिहितं, 'आठवतंय ना? हिच्या डोक्याला गुडघा लागला होता, तरी खेळली. शेवटची रेड हिनेच मारली!' मग वाघांचे इमोजी, दंडाचे इमोजी. मीही हात जोडलेला एक टाकते.

गोष्ट खरीच असणार. अकराजणी ती एकसारखी सांगतात. अडचण एवढीच की मला ती मॅच आठवत नाही. मी रेडला गेले, बोनसला पाय टाकला, कॉर्नरने अँकल धरला आणि खाली पडताना कुणाचा तरी गुडघा कानाच्या वर बसला, इथपर्यंत आठवतं. त्यानंतर थेट घरची मोरी आठवते. आई डोक्यावर पाणी ओततेय. मधला वेळ माझ्याकडे नाही. सरांनी तोंडावर पाणी मारलं म्हणे. दोन बोटं दाखवून किती असं विचारलं म्हणे, आणि मी बरोबर सांगितलं म्हणे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात शूर तास असा सगळा 'म्हणे'मध्ये आहे.

गेली काही वर्षं मी खेळावरची पुस्तकं, सिनेमे, समालोचनं जरा वेगळ्या कानाने ऐकते, ती या तासामुळे. डोक्याला लागलेल्या माराची गोष्ट आपण कशी सांगतो? कोणता भाग रंगवतो, कोणता गाळतो? आणि त्या सांगण्याचा मैदानावरच्या पुढच्या मुलीशी काही संबंध असतो का?

*

या गोष्टींचा कणा म्हणजे 'तरी' हा एवढासा शब्द. डोक्याला लागलं, तरी खेळली. तो काढून तिथे 'म्हणून' घाला : डोक्याला लागलं, म्हणून बाहेर बसली. वाक्य शहाणपणाचं झालं, पण ते कुणी फॉरवर्ड करणार नाही.

आपल्या क्रिकेटच्या आठवणींत 'तरी'चा सगळ्यात प्रसिद्ध फोटो अनिल कुंबळेचा आहे. मे 2002, अँटिग्वा. मर्व्ह डिलनचा चेंडू लागून जबडा मोडलेला. हनुवटीपासून डोक्यावरून पांढरी पट्टी बांधून तो मैदानात आला, सलग 14 षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. मग शस्त्रक्रियेसाठी घरी परतला. यात कुंबळेला बोल लावण्यासारखं काहीच नाही. मोडला होता तो जबडा, आणि निर्णय एका प्रौढ, अनुभवी खेळाडूने घेतला होता. पण चित्र म्हणून पाहिलं तर आपल्या डोळ्यांत उरते ती डोक्याभोवतीची पट्टी. हे चित्र पुढे गावोगावच्या मैदानांवर पोचलं आणि तिथे त्याचा अर्थ 'डोक्याला पट्टी बांधून खेळतो तो खरा' एवढाच राहिला. जबडा गळून पडला.

त्याच्या 40 वर्षं आधीची नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट घ्या. मार्च 1962. भारताचा कर्णधार, वय 28. बार्बाडोसविरुद्धच्या दौरा सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर लागला, कवटीला फ्रॅक्चर झालं. हेल्मेट तेव्हा नव्हतीच. ही गोष्ट आपण कशी ऐकलेली असते? वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिलं, हा पहिला अंक. अवघ्या 21 वर्षांच्या पतौडींकडे कर्णधारपद आलं, हा दुसरा. दोन्ही अंक सुंदर आहेत. पण ज्या माणसाच्या डोक्याला लागलं तो या नाटकात पहिल्या प्रवेशानंतर विंगेत जातो. कॉन्ट्रॅक्टर त्यातून वाचले, पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण 31 कसोटींनंतर 32वी त्यांच्या वाट्याला आली नाही. त्या मधल्या महिन्यांत त्यांना प्रकाश सहन होत होता का, झोप लागत होती का, चेंडू बघताना काय वाटत होतं, हे आपल्या दंतकथेत नाही. आपल्याला रक्तदान आठवतं, कारण रक्त दिसतं.

*

मराठीत या न दिसणाऱ्या दुखापतीसाठी एक विलक्षण शब्द आहे : मुका मार. कातडी फाटलेली नाही, रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, पण आत लागलंय. शब्द इतका नेमका, आणि वापर मात्र बरोबर उलटा. 'काही नाही गं, मुका मार आहे' असं म्हणून आपण विषय संपवतो. डोक्याला लागल्यावर काय होतं याचंही वर्णन भाषेकडे आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, दिवसा तारे दिसतात, डोकं बधिर होतं. पण हे सगळे वाक्प्रचार आपण विनोदात खर्चून टाकलेत. गणिताचा पेपर बघूनही आपल्याला काजवेच दिसतात.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. डोक्याला किंवा अंगालाही जोराचा झटका बसतो, मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही, बहुतेक वेळा पडत नाही. सीटी स्कॅन सहसा स्वच्छ येतो, कारण बिघाड रचनेत कमी आणि कामात जास्त असतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आतल्या मेंदूचं हलणं पूर्ण थांबवू शकत नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, उजेडाचा त्रास, विसरणं, उगाच रडू येणं, यातलं काही लगेच दिसतं, काही कित्येक तासांनी. बहुतेकजण यातून पूर्ण बरे होतात, पण मेंदूला तेवढी सवड दिली तर. त्याच अवस्थेत दुसरा मार बसला तर बरं व्हायला फार वेळ लागतो, आणि क्वचित, विशेषतः किशोरवयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते.

शिवाय बाहेरून बघणाऱ्याला हा साधा मुका मार आहे की आत रक्तस्राव होतोय, हे पहिल्या काही मिनिटांत कळत नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात क्लब क्रिकेट खेळताना रमण लांबा हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभा राहिला. फटका डोक्यावर लागला, चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला आणि फलंदाज बाद झाला. लांबा स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी तो गेला. वय 38. 'उठला, चालला, म्हणजे ठीक आहे' हे आपल्या सगळ्या मैदानांवरचं निदान. लांबाही उठला होता, चाललाही होता.

*

मग या मुक्या माराला बोलतं करणारी कलाकृती कोणती? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं : 2015 चा 'कन्कशन', दिग्दर्शक पीटर लँड्समन. जीन मेरी लास्कस यांनी 2009 मध्ये 'जीक्यू' मासिकात लिहिलेल्या लेखावर तो बेतला आहे. विल स्मिथने यात डॉ. बेनेट ओमालू यांची भूमिका केली आहे. नायजेरियातून अमेरिकेत आलेले, पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे डॉक्टर. 2002 मध्ये त्यांच्या टेबलावर माइक वेबस्टर या अमेरिकन फुटबॉलच्या दिग्गजाचा देह येतो. वय 50, मृत्यूचं कारण हृदयविकार. पण शेवटची वर्षं त्याने भ्रमिष्टासारखी, बऱ्याचदा आपल्या गाडीत झोपून काढलेली. मेंदू बाहेरून अगदी ठीक दिसतो. ओमालू पदरचे पैसे खर्चून त्याचे पातळ काप करून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाचे डाग सापडतात. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई. 2005 मध्ये त्यांचा शोधनिबंध 'न्यूरोसर्जरी'त येतो, आणि एनएफएलशी संबंधित डॉक्टर तो मागे घ्या म्हणून पत्र लिहितात.

सिनेमाने एक मोठं काम केलं, ते आधी मान्य करू. त्याने न दिसणाऱ्याला चित्र दिलं. काचपट्टीवरचे ते तपकिरी डाग म्हणजे मुक्या माराने शेवटी उमटवलेली अक्षरं. डेव्हिड मोर्सने उभा केलेला वेबस्टर तर मनातून जात नाही. पडद्यावर थोडाच वेळ असलेला हा माणूस, स्वतःच्याच डोक्यात वाट चुकलेला.

पण माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते. वेबस्टर लवकर मरतो आणि सिनेमा डॉक्टरांचा होतो. एकटा, सच्चा, परका माणूस विरुद्ध बलाढ्य संस्था, हा साचा हॉलिवूडला पाठ आहे आणि तो चालतोही. मात्र त्या साच्यात प्रश्न 'कोण खरं बोलतंय?' असा होतो. 'आज संध्याकाळी डोक्याला लागलेल्या पोराने उद्या सकाळी काय करायचं?' हा प्रश्न त्यात मावत नाही. साच्यासाठी इतिहासही थोडा कापावा लागतो. हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या 'पंच ड्रंक' अवस्थेबद्दल 1928 मध्येच लिहिलं होतं, आणि सीटीई ही संज्ञाही वेबस्टरच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे ठोसे खाणाऱ्या मेंदूबद्दल वैद्यकाला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही फुटबॉलच्या मैदानाकडे कुणी त्या नजरेनं पाहिलं नाही. ही गोष्ट एकट्या नायकापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे.

दुसरी तक्रार नावाबद्दल. सिनेमाचं नाव 'कन्कशन', गोष्ट मात्र सीटीईची. या दोन गोष्टी एक नाहीत. कन्कशन ही आजची घटना आहे, बहुतेक वेळा बरी होणारी. सीटीईचा संबंध वर्षानुवर्षं बसलेल्या माराशी आहे. त्यात लक्षणंही न दिसलेले हजारो छोटे धक्के येतात. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. सिनेमा दोन्ही एकात मिसळतो, त्यामुळे प्रेक्षक एकतर घाबरून जातो किंवा 'आपण कुठे एनएफएल खेळतो' म्हणून निश्चिंत होतो. 2017 मधल्या बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाचंही असंच झालं. एनएफएलच्या 111 मृत खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई सापडला, हा आकडा जगभर फिरला. ते मेंदू दान केलेले होते, आणि लक्षणं बघून काळजीत पडलेल्या कुटुंबांनी ते दान करण्याची शक्यता जास्त होती, हे अभ्यासकांनी स्वतः सांगितलं होतं. ते वाक्य फॉरवर्डमध्ये आलं नाही. भीतीची गोष्टही शौर्याच्या गोष्टीसारखीच नको तो भाग गाळून पळते.

सिनेमाबाहेर राहिलेली गोष्ट कशी असते बघा. 2006, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. झॅकरी लिस्टेट हा 13 वर्षांचा मुलगा शाळेच्या सामन्यात डोक्यावर पडला, थोडा वेळ बसला, त्याच सामन्यात परत उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. तो वाचला, पण नव्याने बोलायला-चालायला शिकण्यात त्याची वर्षं गेली. 2009 मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला. मजकूर नीरस आहे : पालकांना आणि खेळाडूंना माहिती द्या, संशय आला की मुलाला लगेच बाहेर काढा, वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत घेऊ नका. 2014 पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या धर्तीचे कायदे आले. यात खलनायक नाही, न्यायालयातलं भाषण नाही. पण विल स्मिथच्या सिनेमात नसलेलं सगळं यात आहे : एक मूल, एक बाक आणि 'बाहेर बस' म्हणणारं कुणीतरी.

*

आता नियम क्रिकेटमध्येही आलेत. 1 ऑगस्ट 2019 पासून आयसीसीने कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी पर्यायी खेळाडूला पूर्ण सामना खेळायची परवानगी दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. तेव्हा तो 80 वर होता. तपासणीत ठीक आढळला, परत आला, 92 वर बाद झाला. 'तरी'ची आणखी एक गोष्ट तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डोकेदुखी आणि सुन्नपणा जाणवला आणि तो सामन्याबाहेर गेला, पुढची कसोटीही खेळला नाही. ती तपासणी प्रामाणिकच होती. मुका मार उशिरा बोलला. आणि आपल्याला काय आठवतं? त्याच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेनला दुसराच चेंडू हेल्मेटच्या जाळीवर बसला, तरी त्याने 59 केल्या. नियम बदलला, गोष्ट त्याच जुन्या वळणावर गेली.

आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. बदली आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर, 53 धावा करणाऱ्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला. बदली आलेल्या हर्षित राणानेही तीन बळी घेतले. दोन्ही वेळा चर्चा कशावर झाली? फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी निव्वळ गोलंदाज कसा, तोलामोलाचा बदल आहे का, भारताने नियमाचा फायदा उठवला का. प्रश्न रास्त आहेत, कारण नियमाचा गैरवापर झाला तर नियमच मरेल. पण त्या दोन रात्री मी जेवढं ऐकलं-वाचलं त्यात 'दुबे कसा आहे?' याला एखादं वाक्य मिळालं, आणि 'राणा कसा?' याला अर्धा तास. कॉन्ट्रॅक्टर यांच्या गोष्टीतली विंग अजून तिथेच आहे.

याला अपवाद म्हणून मला पुन्हा पुन्हा एक जुनं पुस्तक आठवतं : सुनील गावसकरांचं 'सनी डेज', 1976 चं. त्याच वर्षी सबाइना पार्कवर मायकल होल्डिंग आणि मंडळींनी भारतीय फलंदाजांना फोडून काढलं होतं. 81 धावांवर अंशुमन गायकवाड यांच्या कानावर चेंडू लागला आणि ते रुग्णालयात गेले. दुसऱ्या डावात भारत 97 वर थांबला, कारण पाचजण फलंदाजीला उतरूच शकले नाहीत. या प्रकरणाला गावसकरांनी दिलेलं शीर्षकच रानटीपणाचा उल्लेख करणारं आहे. ते चिडलेत, गोलंदाजांवर आणि त्याहून जास्त त्या जखमांवर आरोळ्या ठोकणाऱ्या प्रेक्षकांवर. त्या रागावर तेव्हा आणि नंतरही टीका झाली, आणि त्यातल्या काही शब्दांवर ती व्हायलाच हवी. पण लेखन म्हणून त्यात एक दुर्मीळ गोष्ट आहे. इथे मार खाणं ही पराक्रमाची पायरी नाही. मित्राच्या कानातून रक्त येतंय आणि ते बघणाऱ्याला संताप आलाय, एवढंच. 'तरी' नाही.

*

हे लिहायला घेतलं तेव्हा मी ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला : त्या दिवशी मी घरी कशी आले?

आधी हसण्याचे इमोजी आले. मग एकीने लिहिलं, 'रिक्षाने. तू रिक्षात दोनदा उलटी केलीस, आठवत नाही?' दुसरीने लिहिलं, 'सरांना सांगू नका म्हणालीस. दुसऱ्या दिवशी फायनल होती ना.' तिसरी म्हणाली, 'तू सारखं विचारत होतीस, आपण जिंकलो का. पाचदा तरी सांगितलं असेल.'

म्हणजे डोक्याला लागलं ती सेमीफायनल होती. चषकाचा फोटो दुसऱ्या दिवशीचा. इतकी वर्षं सांगून सांगून दोन दिवसांचा एक दिवस झाला होता, आणि दोन दिवसांच्या मधली ती रात्र, रिक्षा, उलट्या, पाचदा विचारलेला प्रश्न, सगळं गळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशीही मी खेळले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. माझे डोळे बारीक झालेत. ते उन्हामुळे असं मी समजत आले होते. पण त्याच उन्हात बाकी अकराजणींचे डोळे नीट उघडे आहेत.

सरांवर माझा राग नाही. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. दोन बोटं दाखवली. मैत्रिणींवर तर नाहीच. त्यांनी मला जे दिलं ते प्रेमानेच दिलं. पण आमच्यातली एकजण आता स्वतः एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. तिने खाली लिहिलं, 'मी तर हा फोटो माझ्या मुलींना दाखवते. जिद्द काय असते म्हणून.'

मी तिला वेगळा मेसेज केला. म्हटलं, जरूर दाखव. फक्त रिक्षातलंही सांग. माझे डोळे बघायला सांग. आणि सांग की त्या बाईला ती रेड आजही आठवत नाही.

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.